वाचकाचें मत आणि दोन अवघड कपाटें

ग्रंथालयांत कांहीं पुस्तकें अशीं असतात कीं, त्यांविषयींचें वाचकाचें मत पुस्तक उघडण्यापूर्वींच तयार झालेलें असतें. पॅलेस्टाइनच्या इतिहासावरील ग्रंथ हा त्यांतला एक प्रकार. आणि पुरुषाचें पुरुषावर किंवा स्त्रीचें स्त्रीवर जडलेलें प्रेम हा जिचा विषय आहे अशी कादंबरी हा दुसरा. पहिल्या प्रकारचा ग्रंथ हातीं येतांच वाचक लेखकाचा पक्ष शोधूं लागतो. दुसऱ्या प्रकारचा येतांच तो लेखकाची नीति तपासूं लागतो. पक्ष सांपडला अथवा नीतीचा निकाल लागला कीं पुस्तक मिटतें, आणि त्यावर मत मात्र दिलें जातें. सुशिक्षित घरांतून हा अनुभव विरळा नाहीं. म्हणूनच अशा ग्रंथांविषयीं मत बनवावें कसें, आणि त्यांना कसोट्या कोणत्या लावाव्या, ह्याचा विचार करण्यासारखा आहे.

हीं दोन कपाटें एकमेकांपासून फार दूर आहेत असें प्रथमदर्शनीं वाटतें. एकांत राज्यें, करार, युद्धें आणि निर्वासितांचे तांडे. दुसऱ्यांत एखाद्या घराची बंद खोली आणि तींत कोंडलेलें एक मन. परंतु दोन्ही प्रकारच्या ग्रंथांची मूळ तक्रार एकच आहे. ज्याच्याविषयीं इतरांनीं पुष्कळ लिहिलें त्याला स्वतःला बोलूं दिलें गेलें नाहीं, अशी ती तक्रार होय. ती कितपत खरी आहे, आणि ती खरी असली तरी तेवढ्यानें ग्रंथ चांगला ठरतो काय, हें पाहणें वाचकाचें काम आहे. बीड जिल्ह्यांतील वाचकाला ह्या कामीं एक सोय आहे. दोन्ही प्रश्नांशीं ताडून पाहण्याजोगीं उदाहरणें त्याला आपल्याच भूमींत मिळतात.

पॅलेस्टाइन हा देश मराठवाड्याला वाटतो तितका परका नाहीं. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. पहिल्या महायुद्धांत हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर ह्या तीन संस्थानांच्या स्वारांचें मिळून एक घोडदळ ब्रिटिशांच्या बाजूनें उभें राहिलें, आणि तुर्की फौजेशीं लढत तें पॅलेस्टाइनांत शिरलें. २३ सप्टेंबर १९१८ रोजीं ह्या दळांतील जोधपूर व म्हैसूरच्या भालेकरी स्वारांनीं हैफा हें बंदर घेतलें. १९२२ सालीं दिल्लीस उभारलेल्या तीन मूर्तींच्या स्मारकांतील एक मूर्ति हैदराबादच्या सैनिकाची आहे. ज्या राज्याच्या तिजोरींत बीडच्या शेतकऱ्याचा सारा जमा होत असे, त्या राज्याचे स्वार पॅलेस्टाइनचें भवितव्य बदलणाऱ्या मोहिमेंत होते, ही गोष्ट मराठी इतिहासवाचनांत सहसा येत नाहीं.

ती मोहीम चालू असतांनाच, २ नोव्हेंबर १९१७ रोजीं, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर ह्यांनीं ६७ शब्दांच्या एका जाहीरनाम्यानें पॅलेस्टाइनांत ज्यू लोकांचें राष्ट्रीय गृह स्थापन होण्यास आपल्या सरकारची अनुकूलता कळविली. ह्या जाहीरनाम्यांत ज्यूंचा नांवानिशीं उल्लेख आहे; त्या वेळीं तेथें बहुसंख्य असलेल्या अरबांचा उल्लेख मात्र ज्यू नसलेले रहिवासी एवढाच आहे. पुढें राष्ट्रसंघानें १९२२ सालीं ब्रिटनला तेथील कारभाराचा अधिकार दिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनीं संमत केला. १० राष्ट्रें तटस्थ राहिलीं, आणि हिंदुस्थानानें ठरावाविरुद्ध मत दिलें. १४ मे १९४८ रोजीं इस्रायलच्या राज्याची घोषणा झाली. फाळणीच्या ठरावानंतर पेटलेल्या युद्धांत सुमारें ७ लक्ष पॅलेस्टिनी अरब घरादारांस मुकले. सीरियन इतिहासकार कॉन्स्टंटाइन झुरैक ह्यांनीं त्याच वर्षीं लिहिलेल्या पुस्तकांत ह्या घटनेला 'नकबा', म्हणजे महान् आपत्ति, असें नांव दिलें, आणि पुढें तेंच रूढ झालें.

मराठी वाचकाचें ह्या प्रश्नावरील मत तेव्हांपासूनच दुभंगलेलें आहे. गांधीजींनीं नोव्हेंबर १९३८ मध्यें 'हरिजन' पत्रांत ज्यूंच्या छळाविषयीं तीव्र सहानुभूति व्यक्त करूनहि पॅलेस्टाइन अरबांचें आहे असें मत दिलें. उलट सावरकरांनीं डिसेंबर १९४७ मध्यें ज्यूंच्या स्वतंत्र राज्याच्या कल्पनेचें स्वागत करून हिंदुस्थानच्या विरोधी मताबद्दल खेद दर्शविला. सरकारी धोरणहि एका रेषेंत गेलें नाहीं. हिंदुस्थानानें इस्रायलला १७ सप्टेंबर १९५० रोजीं मान्यता दिली, पॅलेस्टाइनच्या राज्याला नोव्हेंबर १९८८ मध्यें दिली, आणि इस्रायलशीं पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्यें जोडले. दोन्ही मतांना थोर नांवांचा आधार असल्यामुळें वाचकाला नांवाच्या आड बसण्याची सोय झाली, आणि तिचा लाभ पुष्कळांनीं घेतला.

त्यांत मराठी कपाटाची एक स्वाभाविक झुकती बाजू आहे. कोंकणांतील बेने इस्रायल समाज मराठी बोलणारा. ह्या समाजांतील पुष्कळ कुटुंबें १९४८ नंतर इस्रायलांत गेलीं, तेथें त्यांनीं 'मायबोली' हें मराठी नियतकालिक चालविलें, आणि आपल्या विवाहांची शुद्धता तेथील धर्मगुरूंनीं शंकास्पद ठरविली तेव्हां १९६४ सालीं आंदोलन करून आपला हक्क मिळविला. ह्या शेजाऱ्यांमुळें ज्यूंची कथा मराठी माणसाला आपुलकीची वाटते. ना. ह. पालकर ह्यांच्या 'इस्रायल : छळाकडून बळाकडे' ह्या ग्रंथाचें नांवच त्या कथेचा सारांश सांगतें. ही कथा खोटी नाहीं. युरोपांत ६० लक्ष ज्यूंची कत्तल झाली, आणि आश्रय मागणाऱ्या अनेकांना अनेक देशांनीं दारें लावलीं, हा निर्विवाद इतिहास आहे. परंतु एकाचा छळ जेथें संपला तेथें दुसऱ्याचा सुरू झाला काय, हा प्रश्न त्या कथेंत उभाच राहत नाहीं. त्यासाठीं दुसरे ग्रंथ काढावे लागतात, आणि ते बहुतेक इंग्रजींत आहेत.

ते ग्रंथहि एका साच्याचे नाहींत. रोझमेरी सेग ह्यांनीं लेबनॉनमधील निर्वासितांच्या छावण्यांतून वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी गोळा करून १९७९ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गांवगाडा, पीक, लग्नकार्यें आणि गांव सुटल्याचा दिवस हें सर्व बोलणाऱ्यांच्या तोंडून येतें. वालिद खालिदी ह्यांच्या संपादकत्वाखालीं १९९२ सालीं निघालेला ग्रंथ ह्याच्या अगदीं उलट प्रकृतीचा. उजाड झालेल्या ४१८ गांवांची ती एक जंत्री आहे. गांवची लोकसंख्या, जमीन, शाळा, गांव केव्हां रिकामें झालें आणि आज त्या जागीं काय आहे, एवढेंच तींत असतें, भाष्य जवळजवळ नसतें. तिसरा प्रकार रशीद खालिदी ह्यांचा. त्यांच्या २०२० सालच्या ग्रंथाचा प्रारंभ त्यांच्याच कुळांतील एका पूर्वजाच्या पत्रानें होतो. जेरुसलेमचे माजी नगराध्यक्ष युसूफ दिया खालिदी ह्यांनीं १ मार्च १८९९ रोजीं ज्यू राष्ट्रवादाचे प्रवर्तक हर्झल ह्यांच्यापर्यंत पोंचावें म्हणून तें लिहिलें. ज्यूंच्या दुःखाची व हक्काची जाण ठेवूनहि, पॅलेस्टाइनांत अगोदरच लोक राहतात, त्यांना सुखानें राहूं द्यावें, असा त्याचा आशय आहे.

ह्या तीन ग्रंथांना एकच कसोटी लावून चालणार नाहीं. आठवणींच्या ग्रंथांत तारखेची चूक सांपडली म्हणून तो ग्रंथ टाकाऊ होत नाहीं. तीस वर्षें छावणींत काढलेल्या माणसाची आठवण त्या तीस वर्षांनींहि घडविलेली असते, हें ओळखून ती वाचावयाची असते. जंत्रीच्या ग्रंथांत मात्र तारीख चुकली तर तो दोष मोठा. कुळाच्या कागदांवर रचलेल्या इतिहासांत दोष निराळा संभवतो: ज्या घरांत कागद जपले गेले त्या घरांचें म्हणणें मोठें होतें, आणि ज्या कुळवाड्याच्या घरीं कागदच नव्हता तो मागें पडतो. रशीद खालिदी ह्यांच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं, २००६ सालच्या आपल्या दुसऱ्या ग्रंथांत त्यांनीं पॅलेस्टिनी पुढाऱ्यांच्या फुटीवर आणि अदूरदृष्टीवर कठोर टीका केली आहे. आपल्या पक्षाचे दोष जो लेखक मांडतो त्याच्या इतर विधानांवर विश्वास ठेवण्यास वाचकाला अधिक जागा मिळते.

इस्रायली इतिहासकारांचेंहि उदाहरण बोधप्रद आहे. १९४८ सालचीं सरकारी दप्तरें तीस वर्षांनंतर टप्प्याटप्प्यानें खुलीं झालीं, तेव्हां बेनी मॉरिस ह्यांनीं तीं चाळून अरबांच्या स्थलांतराचीं कारणें गांवोगांव निरनिराळीं होतीं, कोठें हल्ला, कोठें भीति, कोठें हुसकावणी, असा निष्कर्ष काढला. इलान पापे ह्यांनीं २००६ सालच्या ग्रंथांत हीच घटना पूर्वनियोजित होती असें प्रतिपादन केलें. घटना तीच, पुष्कळ कागदहि तेच, आणि निष्कर्ष दोन. ह्यावरून दोघांपैकीं एक लबाड ठरत नाहीं. कागदाला कोणता प्रश्न विचारला ह्यावर उत्तर अवलंबून असतें, एवढें ठरतें. जुनी समजूत अशी होती कीं अरब लोक केवळ आपल्या पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून निघून गेले. ह्या दोघांनींहि ती मोडीत काढली, आणि वाचकाच्या दृष्टीनें ही एकवाक्यता त्यांच्या मतभेदाइतकीच महत्त्वाची आहे.

आतां हीच तुळई बीडच्या वाचकानें आपल्या घरीं टांगून पाहावी. १९४८ हें साल पॅलेस्टाइनचें तसेंच मराठवाड्याचेंहि. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबर रोजीं निजामी फौजेनें शरणागति पत्करली. १७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो, आणि तो तसा पाळण्यास सबळ कारण आहे. संस्थानांत सभाबंदी होती, जबाबदार राज्यपद्धति नव्हती, आणि अखेरच्या काळांत रझाकारांनीं खेड्यापाड्यांतून खून, जाळपोळ व लूट केली. अंबाजोगाईस, तेव्हांच्या मोमिनाबादेस, शिक्षक म्हणून राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढें स्टेट काँग्रेसचे नेते झाले. त्या लढ्याची हकीकत अनंत भालेराव ह्यांच्या 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' ह्या ग्रंथांत विस्तारानें आली आहे.

परंतु त्या सालाचें दुसरेंहि एक पान आहे. पोलीस कारवाईच्या वेळीं आणि तिच्यानंतर संस्थानांतील मुसलमान वस्तीवर जे अत्याचार झाले त्यांची पाहणी करण्यासाठीं हिंदुस्थान सरकारनें १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृतींना पाठविलें. त्यांच्या अहवालाप्रमाणें उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड ह्या चार जिल्ह्यांत १८ हजारांहून कमी माणसें मेलीं नाहींत. आणि औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक ह्या चार जिल्ह्यांत मिळून मृतांची संख्या निदान ५ हजार होती. सबंध संस्थानाविषयीं त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. शेजारधर्म पाळून मुसलमानांना आपल्या घरांत लपविणाऱ्या हिंदूंचीहि नोंद त्यांनीं केली. सरकारनें हा अहवाल त्या वेळीं प्रसिद्ध केला नाहीं. तो अभ्यासकांना सर्रास पाहावयास मिळूं लागला तो २०१३ च्या सुमारास.

म्हणजे बीडच्या एकाच आळींत १९४८ सालाच्या दोन आठवणी राहतात. एका घरांत रझाकारांनीं जाळलेल्या गंजीची, दुसऱ्यांत कारवाईनंतर परत न आलेल्या माणसाची. दोन्ही खऱ्या असूं शकतात. रझाकारांचा जुलूम दुसऱ्या घरांतील निरपराध माणसाच्या मृत्यूचें समर्थन करीत नाहीं, आणि तो मृत्यु पहिल्या घरांतील जुलूम पुसून टाकीत नाहीं. ज्या वाचकाला हें आपल्या गांवीं पटतें, त्याला पॅलेस्टिनी ग्रंथ वाचण्याची अर्धी तयारी झाली असें समजण्यास हरकत नाहीं. मात्र साम्य ओढून ताणून पूर्ण करूं नये. हैदराबादची प्रजा त्याच भूमींत राहिली, तिला नव्या राज्याचें नागरिकत्व व मताधिकार मिळाला. पॅलेस्टिनी निर्वासितांना परत येऊं दिलें गेलें नाहीं, आणि त्यांचा प्रश्न पाऊणशें वर्षें उलटूनहि चिघळत राहिला. उपमा डोळे उघडण्यापुरती घ्यावी. निकाल देण्यासाठीं तिचा उपयोग नाहीं.

साक्षींच्या भिन्नतेला भिण्याचें मराठी वाचकाला तर मुळींच कारण नाहीं. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' हा साक्षींचाच ग्रंथ आहे. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणांत म्हाइंभटांनीं चक्रधरांना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे हिंडून त्यांच्या लीळा गोळा केल्या, आणि पुढें महानुभावांनीं एकाच लीळेचे भिन्न पाठ कोणाच्या सांगण्याप्रमाणें कोणते, हें जपून ठेवलें. दोन पाठ जुळत नाहींत म्हणून एक जाळून टाकण्याची बुद्धि त्यांना झाली नाहीं.

दुसऱ्या कपाटाकडे वळतांना प्रथम शब्दाचीच अडचण येते. इंग्रजींतील 'क्वीअर' ह्या शब्दाचा मूळ अर्थ विचित्र असा. तो शिवीसारखा वापरला जाई, आणि ज्यांना तो मारला त्यांनींच पुढें तो उचलून आपलें नांव केलें. मराठींत समलिंगी, तृतीयपंथी असे शब्द आहेत, पण प्रत्येकाची व्याप्ति लहान. कायद्याची अडचण त्याहून मोठी होती. १८६० च्या दंडविधानांतील ३७७ वें कलम अशा संबंधांना गुन्हा मानी. दिल्ली उच्च न्यायालयानें २००९ सालीं तें शिथिल केलें, सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं पुन्हा दृढ केलें, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयानें प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यांतून मुक्त केलें. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मधील निकालानें मिळाला नाहीं. पॅलेस्टाइनांतहि ब्रिटिश अमदानींत १९३६ सालीं अशाच अर्थाचा कायदा लागू झाला होता. दोन्ही देशांतील कलमांवर राज्यकर्त्याची सही एकच होती, ही गोष्ट दोन कपाटांना जोडणारी आहे.

कायद्याच्या आधीं प्रश्न येतो तो बोलण्याचा. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें. वाचकांच्या खाजगी लैंगिक शंकांना त्यांनीं त्यांतून दिलेल्या उत्तरांवर १९३४ सालीं मुंबईस अश्लीलतेचा खटला झाला. त्या शंकांत समलिंगी संबंधांचाहि समावेश होता. कर्व्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें. लैंगिक विषयावर लिहिलें म्हणजे अश्लील लिहिलें असें होत नाहीं, आणि अज्ञान घालविण्याचा मार्ग ज्ञान हाच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. परंतु जे प्रश्न वाचक विचारीत होते ते प्रश्न त्या समाजांत होतेच, एवढें त्या खटल्यानें कायमचें नोंदवून ठेवलें. हें सर्व परदेशांतून आलें असें म्हणणाऱ्यांनीं हें साल ध्यानांत घ्यावें.

ललितवाङ्मयांत हा विषय यावयास मात्र वेळ लागला. विजय तेंडुलकरांचें 'मित्राची गोष्ट' हें नाटक १९८१ सालीं रंगभूमीवर आलें. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी रंगभूमीवर इतक्या उघडपणें उभी करणें हें त्या काळीं धाडसाचें होतें, ह्यांत संशय नाहीं. परंतु ती गोष्ट सांगतो बापू, मित्राचा मित्र. प्रेक्षक तिला त्याच्या डोळ्यांनीं पाहतो. तिच्याविषयीं त्याला कणव वाटते, कोडें वाटतें, पण तिच्या मनांत तो शिरत नाहीं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ सालची कादंबरी ह्याच्या पुढचें पाऊल टाकते. पुण्यांतील एका मध्यमवर्गीय घरांत भाड्यानें राहावयास आलेल्या एकाच तरुणावर त्या घरांतील भाऊ आणि बहीण दोघेंहि प्रेम करतात. अर्धी कादंबरी तनयच्या तोंडीं आहे, अर्धी अनुजाच्या. तनयला दुःख तेवढेंच होतें जेवढें बहिणीला, परंतु तिच्या दुःखाविषयीं घरांत कुजबूज तरी होते, आणि त्याच्या दुःखाला कोणी दुःख म्हणूनहि ओळखत नाहीं. कादंबरीचें खरें सामर्थ्य ह्या विषमतेंत आहे.

राजन गवस ह्यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' ह्या कादंबऱ्या आणखी निराळ्या वाटेच्या. त्यांच्या आधारें २००९ सालीं 'जोगवा' हा चित्रपट निघाला. देवीला सोडलेली जोगतीण आणि लुगडें नेसावयास लावलेला जोगत्या ह्यांचें तें जग आहे. येथें पुरुषाचा स्त्रीवेष ही त्याच्या मनाची हांक नसून दारिद्र्य, श्रद्धा आणि गांवाचा दबाव ह्यांनीं त्याच्यावर लादलेली गोष्ट असूं शकते. शहरांतील वाचकानें ह्या कादंबऱ्यांवर क्वीअर साहित्याची चिठ्ठी घाईनें चिकटवली तर ती सक्ति दृष्टीआड होईल. उलट, सर्वच तृतीयपंथी माणसें अशा सक्तीचे बळी आहेत असें त्यांवरून ठरविलें तर तोहि अन्याय. बीड जिल्ह्याच्या पोलीसदलांतील एका व्यक्तीनें जन्मतः नोंदलेली स्त्री ही ओळख बदलून पुरुष म्हणून सेवेंत राहण्याची मागणी केली, आणि २०१८ सालीं शासनानें ती मान्य केली; तेथें कोणी कांहीं लादलें नव्हतें, उलट अर्ज करून, नकार पचवून तें मिळवावें लागलें.

हीं दोन कपाटें जेथें प्रत्यक्ष मिळतात असेंहि एक ठिकाण आहे. अब्बाद याह्या ह्या पॅलेस्टिनी लेखकाची रामल्ला शहरांतील एका खुनाभोंवतीं रचलेली कादंबरी २०१६ सालीं निघाली. तिच्यांतील एक तरुण समलिंगी आहे. फेब्रुवारी २०१७ मध्यें पॅलेस्टिनी सरकारी वकिलाच्या हुकुमानें दुकानांतून तिच्या प्रती जप्त झाल्या. आपला आवाज जगानें दाबला असें ज्यांचें सार्थ गाऱ्हाणें, त्यांच्याच अधिकाऱ्यांनीं आपल्या एका लेखकाचा आवाज दाबला. ह्या घटनेचा उपयोग दोन्ही बाजूंनीं चुकीचा होतो. कोणी म्हणतात, जे स्वतः असे अनुदार त्यांच्या जमिनीच्या हक्काची काळजी कशाला करावी? इस्रायलनें समलिंगी संबंध १९८८ सालीं गुन्ह्यांच्या यादींतून काढले, हें त्याच्या जोडीस सांगितलें जातें. दुसरे म्हणतात, राष्ट्र संकटांत असतां असल्या कादंबऱ्या हव्यात कशाला? पहिल्यांचें उत्तर असें कीं, घर परत मिळण्याचा हक्क सदाचरणाच्या दाखल्यावर मिळत नसतो. दुसऱ्यांचें उत्तर त्या समाजांतील लेखकांनींच लिहून दिलें आहे. कारण संकटांतल्या माणसालाहि प्रेम, भय आणि लाज असतेच.

ह्या सर्वांवरून वाचकाच्या मताला थोड्या कसोट्या सांगतां येतील. इतिहासग्रंथाला विचारावें: हा कोणत्या पुराव्यावर बोलतो, त्या पुराव्यांत कोण नाहीं, स्वपक्षाचे दोष तो सांगतो काय, आणि विरुद्ध मत त्याच्या सबळ रूपांत मांडतो कीं दुबळ्या? कादंबरीला हे प्रश्न विचारूं नयेत. तिच्याकडून पुरावा मागणें व्यर्थ, आणि तिनें समाजसुधारणेचें निवेदन द्यावें ही अपेक्षाहि चुकीची. तिला एवढेंच विचारावें कीं, तिच्यांतलें माणूस सबंध आहे काय? तें हसतें, रागावतें, चुकतें, कधीं दुसऱ्याला दुखवतें. कीं केवळ दया किंवा किळस उत्पन्न करण्यासाठीं तें उभें केलें आहे? वाचकाच्या हातून पुष्कळदां ह्याची अदलाबदल होते. पॅलेस्टाइनचा इतिहास तो कादंबरीसारखा वाचतो व नायक-खलनायक शोधतो; आणि समलिंगी प्रेमाची कादंबरी अहवालासारखी वाचून समाजावर काय परिणाम होईल ह्याचा हिशेब मांडतो.

मत बदललेंच पाहिजे असें नाहीं. हे ग्रंथ वाचूनहि एखाद्याची सहानुभूति इस्रायलकडे राहील, एखाद्याला कुंडलकरांची कादंबरी कृत्रिम वाटेल. तें मत वाचून झालेलें असलें म्हणजे त्याच्याशीं वाद घालतां येतो, आणि वाद घालतां येण्यासारखें मत हें सुशिक्षितपणाचें लक्षण होय.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट राहते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालीं झाला, आणि त्याखालीं मान्यता पावलेलीं ग्रंथालयें तालुक्याच्या व लहान गांवींहि आहेत. अशा ग्रंथालयांत पुस्तक मागतांना वाचक आपलें नांव सांगतो, आणि तें नोंदवहींत चढतें. आष्टी किंवा गेवराईसारख्या गांवीं सगळे सगळ्यांना ओळखतात. तेथें एखादा मुसलमान विद्यार्थी पॅलेस्टाइनवरचें पुस्तक मागण्यास कचरेल, कारण लोक त्याचा भलताच अर्थ काढतील. आणि एखादी मुलगी 'मित्राची गोष्ट' मागण्यास कचरेल, कारण तिच्याविषयीं लोक कांहीं तरी ओळखतील. ह्या दोघांना पुस्तकांची गरज इतरांहून अधिक आहे. खरेदी-समितीनें असे ग्रंथ घ्यावे, ते कुलुपांत न ठेवतां खुल्या कपाटांत इतर इतिहास-कादंबऱ्यांच्या रांगेंतच लावावे, आणि घरांतल्या वडील माणसांनीं ते स्वतः एकदां घरीं आणून वाचावे. आजोबांच्या नांवावर आलेलें पुस्तक घरांतील नातवाला कोणाची परवानगी न मागतां उचलतां येतें.